वहिनी, तुझी साखर मला माहीत होती

वहिनी,

तुझ्या तेराव्याची पंगत उठून आज आठ दिवस झाले. बुंदीचे लाडू होते. वाढपी दोनदा फिरला, आणि आई दारात उभी राहून आलेल्या प्रत्येकाला आग्रह करत होती, "घ्या की पावणं, आमच्या इंदूला लई आवडायचं गोड." लोक घेत होते. हात धुताना कुणी म्हणालं, तिचं आयुष्यच तेवढं होतं. कुणी म्हणालं, घराला नजर लागली. कागलहून आलेला तुझा भाऊ खाली मान घालून ऐकत होता. मी हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी होते, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नजर नव्हती, साखर होती. साखर होती आणि रक्तदाब होता. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

मी ओरडले नाही. तांब्या भरून आणला आणि पुढच्या माणसाच्या हातावर पाणी घातलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मला तुझा राग आलाय. माझा स्वतःचा त्याहून जास्त आलाय, पण तो सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही, हीच तर अडचण आहे.

तू या घरात आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. अंगानं इतकी बारीक की बांगडीवाल्याला लहान मुलींच्या मापाच्या बांगड्या काढाव्या लागल्या. मंगळवार पेठेतलं आपलं घर पैलवानाचं. आमचे आबा कुस्ती खेळायचे, आणि आईनं उभी वीस वर्षं तालमीतल्या पोरांना जेवू घातलेलं. तिच्या लेखी माणसाची तब्येत म्हणजे वजन. जो जाड तो निरोगी, जो बारीक तो आजारी किंवा दरिद्री. तुला पाहून ती पहिल्या दिवशी म्हणाली, "हिला आधी भरायला पायजे." आणि दादाला गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पिटाळलं. तिथं म्हशी समोर बांधून धार काढून देतात, ते कोमट, फेसाळ दूध तू आयुष्यात पहिल्यांदा उभ्या-उभ्या प्यायलीस, आणि ओठावरची फेसाची मिशी पुसत दादाला म्हणालीस, "आमच्याकडं असलं दूध रेडकाला सोडतोय आमी." दादा हे कितीतरी वर्षं सांगायचा. आता सांगत नाही.

तू मला वन्सं म्हणायचीस. मी तुझ्यापेक्षा वयानं लहान, तरी मला अहो-जाहो करायचीस. मी तुला तू म्हणायची. बी.एस्सी. झाल्यावर मला एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये नोकरी लागली, रक्त आणि लघवी तपासायची. आईला ते सहन झालं नाही. लोकांची लघवी हाताळून आलेली पोरगी चुलीजवळ येणार? भावकीत काय सांगायचं? लग्न कसं जमायचं? तिनं आठ दिवस अबोला धरला. तेव्हा तू, नवी सून, डोक्यावरचा पदर सावरत म्हणालीस, "आत्याबाई, वन्सं आल्या की न्हाणीत पाणी मी तापवून ठेवतो. आंघोळ करूनच आत येतील. पण नोकरी सोडायची न्हाय. शिकलेल्या हायत त्या." दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी न्हाणीत माझ्यासाठी कढत पाणी असायचं. चौदा वर्षांत ते चुकलं नाही. आपलं भांडण झालं त्या दिवसांतही नाही.

ही नोकरी तुझ्यामुळं टिकली. तिनं मला काय दाखवलं, ते तुला बघायचं नव्हतं. एवढंच.

तुझं पहिलं मूल नवव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगा होता, दहा पौंडांचा. मी तेव्हा कॉलेजात होते, मला काही कळत नव्हतं. मला आठवतं ते आईचं रडणं, "एवढं भरलेलं बाळ, कुणाची दृष्ट लागली गं." दवाखान्यातल्या डॉक्टरनं जाता-जाता सांगितलं होतं, पुढच्या खेपेला साखर तपासून घ्या. ते दादानं ऐकलं, पण त्याला वाटलं रेशनच्या साखरेबद्दल काही असेल. खोटं नाही सांगत, तो मला नंतर असंच म्हणाला. त्यानंतर तीन वर्षं तुला या घरात कुणी काही वाईट बोललं नाही. चांगलंही बोललं नाही. आई तुला हळदीकुंकवाला पुढं बसवायची नाही. तुझं ताट सगळ्यांच्या शेवटी. हे मी बघत होते. बघण्यापलीकडं मी काय केलं, ते आठवत नाही.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळत होती, साखरेला रांगा होत्या, आणि त्याच वर्षी तुला पुन्हा दिवस गेले. आई एका रात्रीत बदलली. गुळाच्या पेठेतून दादानं ढेप आणली, कुठून-कुठून तूप आलं, डिंकाचे लाडू झाले. तुझं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जाऊ लागलं.

सातव्या महिन्यात मला न्हाणीच्या मोरीत मुंग्या दिसल्या. काळ्या, बारीक, ओळीनं येणाऱ्या. तू आंघोळीला जाऊन आलीस की त्या यायच्या. दोन दिवस मी नुसत्या बघितल्या. तिसऱ्या दिवशी तुला बाटली दिली आणि म्हटलं, सकाळची लघवी यात दे. तू हसलीस, "वन्सं, घरात पण कामं सुरू केली व्हय?"

लॅबमध्ये सकाळी कुणी यायच्या आधी मी निळं औषध काचनळीत घेतलं, त्यात आठ थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. साखर नसेल तर ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवट होतं. मी रोज वीस-पंचवीस नळ्या तापवायची, त्या रंगाचं मला काही वाटत नसे. त्या दिवशी ते हिरवं झालं, पिवळं झालं, नारिंगी झालं आणि शेवटी विटेसारखं लाल होऊन तळाशी बसलं. असला रंग मी फक्त पन्नाशीच्या पुढच्या, पोट सुटलेल्या व्यापाऱ्यांच्या नळीत बघितला होता. मी नळी धुतली आणि पुन्हा केलं. पुन्हा तेच.

अंबाबाईला जातो असं सांगून शुक्रवारी मी तुला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, पायावर बोट दाबून बघितलं, पहिल्या मुलाचं विचारलं आणि दहा पौंड ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. "त्याच वेळी साखर असणार," त्या म्हणाल्या. "आणि आता प्रेशरही वाढतंय. दवाखान्यात राहावं लागेल. रोज इंजेक्शन. गूळ-साखर बंद, भात थोडा, मीठ कमी. घरच्यांना बोलवा, मी समजावते."

बाहेर आल्यावर तू माझा हात धरलास. तुझा हात ओला होता.

"वन्सं, घरात सांगायचं न्हाय."

"अगं, पण—"

"पहिलं गेलं तवा नजर लागली म्हणाले. आता कळलं की माझ्याच अंगात दोष हाय, तर कागलला नेऊन सोडतील मला. आणि दुसरी आणतील. तुमची आई आणंल, तुमाला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. मी नाही म्हणू शकले नाही. रंकाळ्याच्या बाजूनं घरी येताना आपण ठरवलं: इंजेक्शन नको, दवाखाना नको, पण तू गोड खायचं नाहीस, आणि दर शुक्रवारी देवीच्या नावानं डॉक्टरीणबाईंकडं जायचं. डॉक्टरीणबाई रागावल्या. "हे पुरेसं नाही," असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, बघू. मी, तेवीस वर्षांची, दोन जिवांबद्दल म्हणाले, बघू.

तीन शुक्रवार तू आलीस. आईनं वाढलेला लाडू तू पदरात धरायचीस आणि मागच्या दारानं, आदल्या वर्षी घेतलेल्या म्हशीला घालायचीस. नळीतला रंग लालवरून पिवळ्यावर आला. त्या तीन आठवड्यांत आपण जितक्या हसलो तितक्या नंतर कधी हसलो नाही. आई म्हणायची, म्हस एकदम दुधाला चढली, काय झालंय काय. तू तोंडात पदर कोंबून चुलीकडं तोंड फिरवायचीस. वहिनी, तेवढे तीन आठवडे मला परत हवेत. बाकीचे नकोत.

मग डोहाळजेवण. फुलांची वाडी भरून तुला पाटावर बसवलं होतं. झाकलेल्या दोन वाट्यांतली तू एक उघडलीस, बर्फी निघाली. म्हणजे मुलगी. बायका हसल्या, आणि आईनं लगेच दुसऱ्या वाटीतला पेढाही तुझ्या तोंडात घातला, "हे बी खा, हे बी खा." मग एकेक बाई येऊन भरवू लागली. शिरा, पुरणपोळी, गुळाची पोळी, लाडू. मी मागून वाकून तुझ्या कानात म्हटलं, पुरे. तू मान हलवलीस आणि खात राहिलीस. कुणी बळजबरी केली म्हणून नव्हे. मला दिसत होतं. तू डोळे मिटून खात होतीस.

बायका गेल्यावर परसात मी तुला गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. पहिलं घालवलंस तसं हेही घालव, असंही बोलले. तू ऐकून घेतलंस आणि मग शांतपणे म्हणालीस,

"तीन वरसं या घरात मी जेवलो का न्हाय ते कुणी विचारलं न्हवतं. आज तुमची आई स्वतःच्या हातानं भरवतीया. ते मी थुंकून टाकू व्हय?"

"ते प्रेम नाही वहिनी, ते विष आहे तुला."

"तुमाला काय कळणार. तुमच्या तोंडात कोण असं घास घालणार हाय? तुमाला कुठं पोटात वाढवायचंय?"

माझं तिसरं स्थळ त्याच महिन्यात मोडलं होतं, लॅबच्या नोकरीवरून. तुला माहीत होतं. म्हणूनच ते वाक्य तू निवडलंस. आणि मी शिकलेली, नोकरीवाली, त्या एका वाक्यासाठी चोवीस दिवस तुझ्याशी बोलले नाही. त्या चोवीस दिवसांत तीन शुक्रवार होते. तू डॉक्टरीणबाईंकडं गेली नाहीस. मीही म्हटलं नाही, चल.

तुझे पाय सुजले. आई म्हणाली, पायावर सूज म्हणजे मुलगाच. तुझं डोकं दुखायला लागलं. आईनं सुंठ उगाळून लावली. मला रोज संध्याकाळी न्हाणीत कढत पाणी मिळत होतं, आणि मी तुझ्या पायांकडं न बघता आत जात होते.

रविवारी सकाळी तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, डोळ्यापुढं काजवे चमकताहेत. आणि पिठाच्या परातीवर पडलीस. हात-पाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. आई देवीचा अंगारा आणायला धावली. मी आणि दादानं तुला रिक्षात घातलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं पहिलं विचारलं, "यांचा रक्तदाब आधी कुणी बघितला होता? साखर तपासली होती?"

दादानं माझ्याकडं बघितलं. आपल्या घरात असलं मलाच माहीत असणार.

"माहीत नाही," मी म्हटलं.

वहिनी, तू तेव्हा शुद्धीत नव्हतीस. मी हे तुला कधीच सांगितलं नाही. तुझा शब्द पाळला, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी घाबरले होते. दीड महिना मला माहीत होतं, हे दादासमोर कबूल करायचा मला धीर झाला नाही. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्या साखरेकडं तासभर आधी बघितलं असतं. कदाचित काही फरक पडला नसता. मला ते कधी कळणार नाही.

ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी. दिवस भरायच्या आत आलेली, तरी नऊ पौंडांच्या वर. पहिले चार दिवस ती थरथरत होती, काचेच्या पेटीत ठेवून सलाईन लावली होती. आईनं पेटीतल्या पोरीकडं बघून हात जोडले, "पैलवान हाय गं माझी बाय." मंगळवारी घरी आणली म्हणून मंगल.

घरी सोडताना मोठ्या डॉक्टरनी दादाला आणि तुला समोर बसवून सांगितलं होतं: हिचं प्रेशर आणि साखर दर तीन-चार महिन्यांनी बघत जा, आता नीट दिसलं तरी ते पुन्हा येऊ शकतं. दादानं हो म्हटलं. तू हो म्हटलंस. दारातून बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "बाळंतीण झाली, आजार संपला," आणि तो सगळ्यांच्या दृष्टीनं खरोखरच संपला. मी एक वर्ष तुझ्या मागं लागले. प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, "आता कशाला, वन्सं? आता मी ठणठणीत हाय की." मग मीही थकले. लॅबमध्ये रोज पेशंटांना मी डॉक्टरांचं ऐका म्हणून सांगायची, आणि घरी तुझ्या हातचा चहा प्यायची, तुझ्या कपात तीन चमचे साखर पडताना बघत.

मंगल वर्षाची झाली तेव्हा पेठेत सुदृढ बालक स्पर्धा झाली. तिला तराजूत घातलं आणि पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा पेला. फोटोग्राफरनं फोटो काढला, मनगटाला वळ्या, मांडीला वळ्या, गळा दिसतच नाही. तो फोटो आईनं बाहेरच्या खोलीत आबांच्या फोटोशेजारी लावला. त्या दिवशी तुझा चेहरा मला आजही दिसतो. पहिलं मूल घालवलेली बाई म्हणून जिला पुढं बसवत नव्हते, तिच्या हातात सगळ्या पेठेसमोर पेला होता. त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या. तुझ्यासाठी मला आनंद झाला होता, हे खोटं नाही.

पण पोर वाढत गेली तशी वाढतच गेली. शाळेत पोरी तिला पैलवानीण म्हणायच्या. खो-खोत घेत नसत. जिना चढून आली की धापा टाकायची. आजी तिला घरी आल्यावर गूळ-शेंगदाणे द्यायची, पोरींनी चिडवलं म्हणून रडली तर शिकरण करून द्यायची. नवव्या-दहाव्या वर्षी तिच्या मानेवर काळी रेघ आली, मळ बसल्यासारखी. आई दर रविवारी डाळीचं पीठ आणि दही लावून घासायची. पोर रडायची, मान लाल व्हायची, काळं जायचं नाही. मी हे लॅबमधल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, साखरेच्या घराण्यात दिसतं असं कधीकधी. तपासून घ्या पोरीला.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी मंगलसाठी बाटली आणली. तू चुलीपुढून उठलीस, माझ्या हातातून बाटली घेतलीस आणि मोरीत आपटलीस.

"माझ्या पोरीला डाग लावायचा न्हाय."

"डाग नाही वहिनी, तपासणी आहे. तुझ्यात जे होतं ते तिच्यात—"

"माझ्यात काय होतं? कुणाला ठाऊक हाय माझ्यात काय होतं?" तू माझ्या डोळ्यांत बघत विचारलंस. "तुमी सांगणार? उद्या तिचं लगीन ठरायचंय. साखरेची पोरगी म्हणून कोण करून घेणार? मला झालं ते झालं. पोरीला हात लावायचा न्हाय."

तू बोलताना धापा टाकत होतीस. कपाळावर घाम होता. चुलीची धग असेल, असं मला वाटलं. मी काचा गोळा केल्या आणि म्हटलं,

"मग मरा दोघी."

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतरचं बोलणं धरत नाही मी. "भाजी झाकून ठेवलीय", "पाणी तापलंय" हे काय बोलणं झालं? पाणी मात्र तापलेलं असायचं. मी मूठभर अभिमानासाठी त्या पाण्यानं आंघोळ करायची आणि तुला थँक्यूसुद्धा म्हणायची नाही. तू ते माझ्यासाठी का तापवत राहिलीस, हे विचारायचं राहिलं.

गुरुवारी सकाळी तुझा डावा खांदा दुखायला लागला. आईनं तेल चोळलं. मग मळमळलं, घाम सुटला. पित्त म्हणून ओवा दिला, लिंबू-सोडा दिला. आई म्हणाली, शालनला बोलावू का लॅबमधनं? दहा मिनिटांवर लॅब आहे. तू म्हणालीस, "नको, त्या बाटल्या घेऊन येतील." आईनं मला हे नंतर सांगितलं, तुझी गंमत म्हणून, रडता-रडता हसत. दीड तास गेला. शेजाऱ्यांनी मला फोन केला तेव्हा तू रिक्षात होतीस. मी दवाखान्याच्या दारात पोचले आणि तुझा हात धरला. ओला होता, आणि थंड.

डॉक्टरनं आत नेलं आणि लगेच बाहेर आले. पस्तीस वर्षांची बाई आणि हार्ट अ‍ॅटॅक, ते पुन्हा-पुन्हा म्हणत होते. मग विचारलं, "साखर होती का यांना? प्रेशर?"

"होती," मी म्हटलं. "दोन्ही होतं."

दादा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तेरा दिवस एक शब्द बोलला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीच्या दारात आला. "कधीपासनं ठाऊक होतं?" मी सगळं सांगितलं. मुंग्या, शुक्रवार, डोहाळजेवण, दवाखान्यातलं "माहीत नाही". तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ती मला घाबरत हुती व्हय, शालन? मी तिला कागलला सोडली असती असं वाटलं तिला?" वहिनी, तो तसा होता का गं? मला नाही वाटत. पण आपण दोघींपैकी कुणीच त्याला विचारलं नव्हतं. आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं, की तू ठीक आहेस का.

मग तो उठला आणि म्हणाला, "पोरीला ने उद्या."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आईचं दिवस होऊन दोन दिस झालं न्हाईत आणि पोरीला सुया टोचायला निघाला व्हय!"

"आई, पुरे आता." दादा आईवर आवाज चढवून बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.

आई खाली बसली. मला वाटलं, भांडेल. ती हळू म्हणाली, "तिला उपाशी ठेवली असती तर म्हातारीनं सून मारली म्हणाला असता. आता खायला घातलं म्हणून मारली म्हणा." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. तिच्यावर रागवायला मी किती वर्षं थांबले होते. त्या क्षणी मला ते जमलं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

मंगलला नेलं. रडली नाही पोरगी. शीर सापडेना, दंड गुबगुबीत, दोनदा टोचावं लागलं, तरी हात ओढला नाही तिनं. डॉक्टरनी मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळून तिचं प्रेशरही बघितलं. अकरा वर्षांच्या पोरीचं प्रेशर कुणी बघत नाही, ते म्हणाले, पण तुम्ही सांगितलंत म्हणून. आज निकाल मिळाला. साखर असायला हवी त्याच्या वर आहे, रोग म्हणावा इतकी नाही. प्रेशर वयाच्या मानानं जास्त. डॉक्टर म्हणाले, हिला खेळू दे, चालू दे, गूळ-साखर आणि तूप-लोणी आवरा, आणि दर तीन महिन्यांनी आणा. अजून वेळ आहे. वेळ आहे, हे शब्द मी तिथंच दोनदा विचारून घेतले.

येताना रिक्षा केली नाही. चालत आलो. बिंदू चौकापाशी ती दम खायला थांबली आणि म्हणाली,

"आत्ती, आईचं असं तपासलं होतंस कधी?"

"हो. तू पोटात होतीस तेव्हा."

"मग?"

"साखर निघाली होती."

"मग काय केलंस?"

रस्त्यात गर्दी होती. मला काहीही सांगता आलं असतं. आई घाबरायची म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, तिनं शपथ घातली म्हणून.

"कुणाला सांगितलं नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तुझ्यासारखी, डोळ्यांत डोळे घालून. मग तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, त्यातला निकालाचा कागद बघितला, आणि विचारलं, "माझं सांगणार, का माझं पण तसंच?"

"सांगणार. तुला सगळं सांगणार. तुझ्या बाबांना, आजीला, शाळेतल्या बाईंना. पुढं तुला बघायला येतील त्यांना सांगणार, आणि तुला दिवस जातील तेव्हा डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगणार."

तिनं कागद घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि पुढं चालायला लागली.

हे सगळं सांगायचं मी तिला कबूल केलंय, वहिनी. तुला विचारलेलं नाही.